सेंटरव्हिल शाखा, मुक्काम सोलापूर: कोहा-टेस्टिंग-डॉकर महिनाभर वापरून

आमच्या वाचनालयाला शाखा नाहीत. साखर पेठेतला एक वरचा मजला, चौदा कपाटं, कार्डांची एक लाकडी पेटी आणि कुरकुरणारा पंखा, एवढाच कारभार. तरी गेला महिनाभर रोज रात्री भांडी आवरली की मी 'सेंटरव्हिल' नावाच्या शाखेत लॉगिन करते. शेजारी फेअरव्ह्यू, मिडवे, स्प्रिंगफील्ड अशा आणखी शाखा आहेत. सभासद सगळे इंग्रजी नावांचे, आणि कपाटात पर्ल नावाच्या प्रोग्रामिंग भाषेवरची पुस्तकं भरपूर. हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

तर हा रिव्ह्यू कोहा-टेस्टिंग-डॉकरचा. लांबलचक नाव, म्हणून सगळे नुसतं केटीडी म्हणतात. कोहा हे ग्रंथालय चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. पुस्तकांची नोंद, देवघेव, सभासद, दंड, सगळं ब्राउझरमध्ये. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या सार्वजनिक वाचनालयांसाठी ते १९९९ मध्ये लिहिलं गेलं, कारण त्यांची जुनी यंत्रणा २००० साल पाहू शकणार नव्हती. २००० च्या जानेवारीत ते सुरू झालं आणि तेव्हापासून जगासाठी खुलं आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, देणगी. वर्गणी आणि अनुदान यांच्यात लोंबकळणाऱ्या आमच्यासारख्या 'क' वर्गाच्या वाचनालयाला हे नाव ऐकूनच बरं वाटतं.

केटीडी म्हणजे हेच कोहा स्वतःच्या यंत्रावर मांडून त्याच्याशी खेळायची, त्याचा कोड बदलून बघायची तयार मांडणी. मी ग्रंथपाल आहे, प्रोग्रामर नाही. मला कोड लिहायचा नव्हता. मला फक्त एक गोष्ट तपासायची होती: आमची पुस्तकं त्यात सापडतात का.

आता हा प्रश्न सोलापुराबाहेरच्यांना सोपा वाटेल. आमच्या कपाटांत मराठी आहेच, पण दोन कपाटं कानडी, दीड कपाट तेलुगू. पूर्वभागातून येणारे वाचक घरात तेलुगू बोलतात, पोरं मराठी शाळेत, आणि आजोबांना अजून तेलुगूच पुस्तक लागतं. अक्कलकोटकडून आलेल्या एक आजी फक्त कानडी नेतात. पूर्वी एकदा संगणकीकरण झालं होतं. कुणी केलं ते लिहीत नाही, पण त्या नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांत, नव्हत्या. तो फॉन्ट असलेला पीसी मेला आणि चार हजारांच्या आसपास नोंदींची चिन्हांची भेळ झाली. तेव्हापासून कार्यकारिणीपुढे संगणक हा शब्द काढला की अण्णा, म्हणजे आमचे अध्यक्ष, कपाळाला हात लावतात. या खेपेला मी आधी घरी करून बघायचं ठरवलं. माझे वडील चादरीच्या मागावर होते. नवीन डिझाइनचे जेकार्डचे पुठ्ठे आले की आधी हातभर कापड विणून बघायचे, रंग कसा बसतो ते. मग पूर्ण बीम चढवायचा. तेच इथं.

यंत्र: सेकंडहँड लॅपटॉप, आठ जीबी रॅम, एसएसडी, त्यावर उबंटू ही लिनक्स प्रणाली. इंटरनेट: मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दोन जीबी. या दोन ओळीतच बहुतेक त्रास सामावला आहे.

केटीडी चालायला तीन गोष्टी लागतात: डॉकर (सॉफ्टवेअर 'कंटेनर' नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन), गिट (कोडचा बदलांसकट इतिहास सांभाळणारं साधन) आणि कोहाचा कोड. कोहाचा कोड गिटने उतरवायचा. मी भाबडेपणाने नुसतं 'गिट क्लोन' मारलं. या कोडला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे, आणि पूर्ण क्लोन म्हणजे तो सगळा इतिहास, काही जीबींचा. दुपारी साडेतीनला डेटा संपला आणि क्लोन तुटला. मला वाटलं, उद्या राहिलेलं उतरेल. नाही. तुटलेला क्लोन पहिल्यापासून सुरू होतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी भाचा घरी आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"मावशी, काय करायलीस गं? आख्खी न्यूझीलंडची वंशावळ उतरवायलीस की."

त्याने दाखवलं. केटीडीच्या माहितीपानावरच लिहिलेलं होतं: कोडचा फक्त 'मेन' हा मुख्य फाटा, फक्त शेवटची अवस्था, 'डेप्थ १' लावून. मी ती ओळ वाचली नव्हती, कारण वरची ओळ आधी दिसली. अशाने क्लोन कितीतरी हलका होतो. जुना इतिहास उकरायचा असेल, तर पूर्ण क्लोन लागेलच. मला नको होता.

डॉकरच्या इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभे राहतात ते तयार साचे, मात्र त्या मानाने समजूतदार. त्या थरांनी बनलेल्या असतात. एखादा थर पूर्ण उतरला की तो राहतो. डेटा संपला तरी दुसऱ्या दिवशी उरलेल्या थरांपासून पुढं जाता येतं. मी रात्री बारानंतर, नवा दिवसाचा डेटा सुरू झाला की 'केटीडी पुल' लावायची आणि झोपायची. दोन रात्रींत झालं.

मग आणखी एक संध्याकाळ वाया गेली, तीही सांगते, कारण बहुतेकांची जाते. डॉकर बसवलं, स्वतःला 'डॉकर' गटात घातलं, तरी प्रत्येक आज्ञेला परवानगी नाकारली. मी तीनदा डॉकर काढून बसवलं. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं, एवढंच. यंत्राला आपण त्या गटात गेलो हे पुढच्या लॉगिनलाच कळतं.

यानंतर बॅशच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत चार ओळी टाकायच्या: कोहाचा कोड कुठं आहे, केटीडी कुठं आहे, त्याची आज्ञा कुठून चालवायची, आणि माझा वापरकर्ता क्रमांक काय. शेवटची ओळ महत्त्वाची. ती असल्यामुळे कंटेनरच्या आतून बदललेल्या फाइली माझ्याच नावावर राहतात. सोबत नमुन्याच्या फाइलीवरून सेटिंगची एक 'डॉट एनव्ही' फाइल करून घ्यायची. इथं केटीडीला पैकीच्या पैकी गुण. रॅम मोकळी किती हवी तेही माहितीपानावर आधीच स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या आठ जीबीत कोहा आणि ब्राउझर एकत्र चाललं, पण ब्राउझरचे तीनच टॅब उघडे ठेवायचे असा नियम केला. आणि मे महिना. सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको. लॅपटॉपचा पंखा एवढा ओरडायचा की शेवटी पापड भाजायची जाळी उलटी करून त्यावर लॅपटॉप ठेवला. खालून हवा लागायला लागली, आवाज निम्मा झाला. हा उपाय माहितीपानावर नाही.

'केटीडी अप' मारलं की पडद्यावर ओळींचा पाऊस सुरू होतो. डेटाबेस म्हणजे मारियाडीबी उभा राहतो, मेमकॅश्ड उभं राहतं, कोहा स्वतः बसतं, नमुना डेटा भरतो. माझ्याकडे सहा-सात मिनिटं लागतात. शेवटी एक आनंदी ओळ येते, की आता सगळं तयार आहे, मजा करा अशा अर्थाची. ती ओळ येईपर्यंत ब्राउझर उघडू नये. मी घाईने उघडला, चूक दिसली, आणि बिघडलं म्हणून बंद करून परत चालू केलं. असं चार वेळा केलं. भात शिजत असताना झाकण उघडून बघण्यातली गत.

८०८० या पोर्टवर वाचकांसाठीचं पान, ८०८१ वर कर्मचाऱ्यांचं. नाव कोहा, पासवर्ड कोहा. आत गेले आणि समोर सेंटरव्हिल.

आमच्या वाचनालयातल्या पीसीवर विंडोज आहे, तिथंही करून बघितलं. थोडक्यात सांगते. विंडोजच्या फोल्डरात क्लोन केला तर ओळीच्या शेवटाचं अक्षर बदलतं. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं वापरतं, लिनक्स एकच. ते जादाचं अदृश्य चिन्ह स्क्रिप्टला चालत नाही आणि ती पहिल्याच पायरीवर पडते. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, बसवून त्याच्या स्वतःच्या फोल्डरात क्लोन करायचा, मग चालतं. पण तिथं रॅमची ओढाताण एवढी झाली की मी घरच्या उबंटूवर परत आले.

आता मूळ कामाकडे.

तीन संध्याकाळी बसून मी साठ पुस्तकं भरली. मराठी चाळीस, कानडी दहा, तेलुगू दहा. कोहात नोंद मार्क नावाच्या ग्रंथालयीन पद्धतीने होते. शंभर क्रमांकाच्या रकान्यात लेखक, २४५ मध्ये शीर्षक. माझ्यासारख्या बी.लिब. झालेल्या बाईला हे रकाने म्हणजे माहेर. कानडी पुस्तकांची नावं मी पुठ्ठ्यावरून बघत एकेक अक्षर कीबोर्डवर शोधून टाइप केली. एकेका नावाला दहा मिनिटं.

तिसऱ्या रात्री काम संपवलं आणि शिस्तीत 'केटीडी डाउन' करून झोपले. चौथ्या दिवशी 'केटीडी अप'. सेंटरव्हिल, फेअरव्ह्यू, पर्ल. माझी साठच्या साठ पुस्तकं गायब.

भाच्याला फोन लावला. तो हसला आधी, मग म्हणाला, "मावशी, पाटी पुसलीस की गं तू. डाउन केलं की सगळं जातं. दर वेळी नवं कोरं उभं राहतं, त्यासाठीच आहे ते."

दोष माझाच. हे चाचणीचं यंत्र आहे, पेटी नाही. प्रोग्रामरला हेच हवं असतं: काहीही मोडा, सकाळी परत पहिल्यासारखं. पण हे वाक्य ठळक अक्षरात पहिल्या पानावर असतं तर माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या, असं मला अजून वाटतं. त्या रात्री जेवणात फक्त कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती. भाजी करायची इच्छाच झाली नाही.

यावरचा उपाय ग्रंथपालाला स्वतःलाच सुचला, याचं मात्र कौतुक करून घेते. कोहात नोंदींची निर्यात करता येते. एक मार्क फाइल मिळते. परत उभं केलं की तीच फाइल आधी 'स्टेज' करायची, मग आयात करायची. पाच मिनिटांत साठच्या साठ पुस्तकं जागेवर. आता दुसऱ्यांदा टाइप केलेली साठ पुस्तकं पेनड्राइव्हवर आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत फाइलीचं नाव. रोज रात्री पहिलं काम तेच. आणि खरं सांगायचं तर हेच उद्या खऱ्या वाचनालयात बॅकअप म्हणून लागणार आहे. त्याचा सराव फुकटात झाला.

शोधाची गोष्ट. कोहाचं मूळ शोधयंत्र झेब्रा. इलास्टिकसर्चही जोडता येतं, पण त्याची रॅमची भूक बघता मी त्या वाटेला गेले नाही. झेब्राची मूळ अक्षरसूची लॅटिन लिपी डोळ्यांपुढे ठेवून मांडलेली आहे. तशीच ठेवून मी शोध घेतले, आणि मराठी, कानडी, तेलुगू तिन्हींत निकालांचा मेळ बसेना. इतर लिप्यांसाठी आयसीयू नावाची दुसरी सोय आहे. 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' नावाच्या फाइलीत अक्षरसूचीची ओळ काढून आयसीयूची ओळ टाकायची, झेब्रा परत सुरू करायचं आणि सगळी अनुक्रमणिका पहिल्यापासून बांधायची. कंटेनरच्या आत शिरायला 'केटीडी शेल', तिथून फाइल उघडली, दोन ओळी बदलल्या. साठ पुस्तकांची अनुक्रमणिका चुटकीसरशी झाली.

आणि तेलुगू पुस्तक सापडलं. माझं तेलुगू वाचन जेमतेम, तरी ओळखलं. कानडीही सापडली. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

पण मराठीचा मामला इथं संपत नाही, आणि हा भाग मराठी वाचनालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. आमच्याकडे वकिलांनी लिहिलेली पुस्तकं बरीच आहेत. लेखकाच्या नावाआधी 'ॲड.' असतं. हा 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक सलग अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं म्हणजे 'अ' टाइप करून त्यावर चंद्र: 'अॅ'. दिसायला दोन्ही सारखे. संगणकाच्या लेखी दोन्ही वेगळे, आणि युनिकोडही त्यांना एक मानत नाही. मी घरच्या कीबोर्डवर एक तऱ्हा टाइप करायची, भाच्याच्या फोनवरून दुसरी यायची. तसंच 'बँक'. कुणी चंद्रबिंदू देतं, कुणी आधी चंद्र मग अनुस्वार: 'बॅंक'. छापल्यावर फरक शोधायला भिंग लागेल. पण एक शोधलं की दुसरं सापडत नाही. नुसत्या आयसीयूने सुटेल असा हा घोळ नाही. त्यासाठी आयसीयूच्या शब्दांच्या फाइलीत आपला नियम लिहावा लागतो, की हे दिसलं की ते समज. भाच्याने दोन नियम लिहून दिले, एक 'ॲ'साठी, एक 'बँक'साठी. अनुक्रमणिका परत बांधली. आता वाचक कसंही टाइप करो, दोन्ही सापडतात.

ही एक रात्र केटीडीसाठीच्या सगळ्या डोकेदुखीची वसुली आहे. चार हजार नोंदी भरून झाल्यावर खऱ्या यंत्रावर हे कळलं असतं तर? आधीच्या संगणकीकरणात नेमकं तसंच झालं होतं.

तेही बदल अर्थातच 'डाउन'बरोबर जातात. म्हणून छोटी स्क्रिप्ट केली आहे, जी दोन्ही फाइली बदलते आणि अनुक्रमणिका बांधते. मार्क फाइल आयात, मग स्क्रिप्ट. उदबत्ती लावल्यासारखं रोजचं झालंय.

आवडलेली आणखी एक गोष्ट. कोहाचा कोड माझ्या फोल्डरात असतो आणि कंटेनर तोच वापरतो. वाचकांच्या पानाच्या टेम्पलेटमध्ये मी एक शब्द बदलला, ब्राउझर ताजा केला, शब्द बदललेला. पर्लच्या मूळ फाइलीत हात घातला तर मात्र 'रिस्टार्ट ऑल' करावं लागतं. या समुदायात कुणी दुरुस्ती पाठवली की ती दुसऱ्या कुणीतरी तपासून सही केल्याशिवाय पुढं जात नाही, आणि तपासणारा प्रोग्रामरच असला पाहिजे असंही नाही. दुरुस्ती लावायची, जसं लिहिलंय तसं करून बघायचं, चाललं की सांगायचं. पावसाळा लागला आणि लॅपटॉप गार झाला की हे करून बघायचं मनात आहे.

कोणी घेऊ नये? ज्याला उद्यापासून देवघेव सुरू करायची आहे त्याने केटीडीला हात लावू नये. खऱ्या वापरासाठी कोहा डेबियनच्या पॅकेजमधून वेगळ्या यंत्रावर बसवायचं असतं. आठ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर स्वतःला त्रास देऊ नये. इंग्रजीचं फार वावडं असेल तर शेजारी कुणी भाचा-पुतण्या ठेवावा, कारण माहितीपानं सगळी इंग्रजीत आहेत. माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण त्या साठ पुस्तकांचा कापला.

मागच्या रविवारी अण्णा घरी आले. जाळीवरचा लॅपटॉप बघून विचारलं, "पापड भाजायलाय का ओ ताई?" मी ८०८० उघडून दिलं. त्यांनी एका बोटाने 'बँक' टाइप केलं. त्यांनीच दिलेला एका सहकारी बँकेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक पहिल्या ओळीत आला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली गेली, अंक कुठल्या शाखेत आहे तिथं.

"हे सेंटरव्हिल कोण?"

मी कर्मचाऱ्यांच्या पानावर गेले, शाखांच्या यादीत ते नाव खोडून आमच्या वाचनालयाचं मराठीत टाकलं, पान ताजं केलं. अण्णांनी चष्मा पुसून परत वाचलं.

"आता राहणार का हे असंच?"

"नाही अण्णा. उद्या परत सेंटरव्हिल."

"मग खरं कधी बसवायलाय?"

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतला: एक पीसी, सोळा जीबी रॅम, इन्व्हर्टर. मी आठ म्हणाले होते.